पुरुष फिगर स्केटिंगमध्ये आघाडीवर कोण राहील, याचा हिशेब कसा मांडायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जागतिक स्पर्धेआधी तुम्ही मोसमातल्या सर्वोत्तम गुणांची यादी काढता, वरचे तिघे निवडता आणि तरीही अंदाज पुन्हा पुन्हा फसतो. मग पुरुषांमध्ये कोण आघाडी घेईल हे ठरवायची काही भरवशाची रीत आहे का?

रीत आहे. पण तुम्ही एकाच वेळी दोन प्रश्न विचारताय. स्पर्धेचे दोन भाग असतात, आधी छोटा शॉर्ट प्रोग्रॅम आणि मग लांबलचक फ्री स्केट, आणि दोन्हींच्या गुणांची बेरीज निकाल ठरवते. शॉर्ट प्रोग्रॅमनंतर पहिला कोण असेल हा एक प्रश्न, आणि फ्री स्केट संपल्यावर एकूण पहिला कोण असेल हा दुसरा. पुरुषांच्या स्पर्धेत या दोन्हींची उत्तरं बरेचदा वेगळी निघतात. २०२४ ची माँट्रियलची जागतिक स्पर्धा बघा. शॉर्टमध्ये शोमा उनो १०७.७२ गुणांनी पहिला होता, शेवटी तो चौथा आला. शॉर्टमध्ये तिसरा असलेल्या इलिया मालिनिनने फ्रीमध्ये २२७.७९ गुण मिळवून स्पर्धा जिंकली. आणि शॉर्टमध्ये चक्क एकोणिसावा असलेला ॲडम सियाओ हिम फा ब्राँझ घेऊन गेला. ज्याने एकच यादी करून दोन्ही प्रश्नांना तीच लावली असेल, त्याचं त्या आठवड्यात काहीच जुळलं नसणार.

सर्वोत्तम गुणांच्या यादीची मूळ अडचण अशी की ती प्रत्येकाचा सगळ्यात चांगला दिवस दाखवते. आघाडीच्या सहाही जणांचा चांगला दिवस एकाच संध्याकाळी येत नाही. शिवाय ते गुण कुठे मिळाले तेही बघावं लागतं. राष्ट्रीय स्पर्धेतले गुण हात सैल सोडून दिलेले असतात आणि आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे आयएसयू, ते स्वतःच्या नोंदीत धरत नाही. तुम्हीही धरू नका. २०१८ च्या उन्हाळ्याआधीचे गुण आजच्या गुणांशी ताडूनही बघू नका. तेव्हा उडीच्या दर्जासाठी उणे तीन ते अधिक तीन अशी पट्टी होती, आता ती उणे पाच ते अधिक पाच आहे. फ्रीमधल्या उड्याही तेव्हा आठ होत्या, आता सात आहेत.

त्यामुळे एकूण गुणांचा आकडा बाजूला ठेवा आणि गुणपत्रिका उघडा. प्रत्येक आंतरराष्ट्रीय स्पर्धेनंतर ती प्रसिद्ध होते आणि त्यात प्रत्येक उडीची वेगळी ओळ असते. मला अंदाजासाठी जे लागतं त्यातलं जवळपास सगळं तिथे मिळतं.

ती वाचायला थोडं गणित हवं. ट्रिपल म्हणजे हवेत तीन फेऱ्यांची उडी, चौपट म्हणजे चार फेऱ्यांची; तिलाच क्वाड म्हणतात. टो लूप, सालकोव वगैरे उड्यांचे प्रकार. प्रत्येक उडीला ठरलेले मूळ गुण आहेत: चौपट टो लूप ९.५, सालकोव ९.७, लूप १०.५, फ्लिप ११, लुट्झ ११.५, ॲक्सेल १२.५. ट्रिपल ॲक्सेलला ८, ट्रिपल लुट्झला ५.९, ट्रिपल टो लूपला ४.२. त्यावर पंच दर्जाचे गुण देतात, त्याला जीओई म्हणतात. जीओईची एक पायरी म्हणजे मूळ गुणांच्या दहा टक्के. नऊ पंचांपैकी सर्वात वरचा आणि सर्वात खालचा गुण गाळून उरलेल्या सातांची सरासरी घेतात. कॉम्बिनेशन, म्हणजे एकीला लागून दुसरी उडी, असेल तर जीओई त्यातल्या सर्वात महागड्या उडीवर मोजतात. शॉर्टमधली शेवटची उडी आणि फ्रीमधल्या शेवटच्या तीन उड्या दुसऱ्या अर्ध्यात पडल्या तर त्यांच्या मूळ गुणांत दहा टक्के वाढ होते. पहिल्या दोन पडण्यांना प्रत्येकी एक गुण वजा होतो, तिसऱ्या पडण्यापासून वजाबाकी वाढते.

आता शॉर्टकडे. इथे उड्या तीनच असतात: एक ॲक्सेल, एक सुटी उडी आणि एक कॉम्बिनेशन. समजा, पहिल्या स्केटरची आखणी चौपट फ्लिप, ट्रिपल ॲक्सेल आणि शेवटी चौपट लुट्झ–ट्रिपल टो लूप अशी आहे. शेवटच्या उडीची वाढ धरून मूळ गुण ३६.२७ होतात. दुसऱ्याची आखणी चौपट टो लूप–ट्रिपल टो लूप, चौपट सालकोव आणि शेवटी ट्रिपल ॲक्सेल. मूळ गुण ३२.२. कागदावर पहिला चार गुणांनी पुढे आहे. पण पहिल्याला सरासरी अधिक दीड जीओई मिळत असेल आणि दुसऱ्याला अधिक तीन, तर पहिल्याच्या खात्यात साधारण ४.६ जमा होतात आणि दुसऱ्याच्या ८.२. चारातली साडेतीन गुणांची आघाडी तिथेच उडाली. वर कॉम्पोनंट गुणांत, म्हणजे रचना, सादरीकरण आणि स्केटिंग कौशल्याच्या गुणांत, दुसरा सरासरी अर्ध्याने सरस असला की शॉर्टमध्ये त्याचे अडीच गुण होतात. म्हणजे सोप्या उड्यांचा स्केटर दोन गुणांनी पुढे, आणि तेही कोणी न पडता. शॉर्टमध्ये उड्यांची किंमत पाहून नाव सांगणारे इथेच फसतात. दोघंही स्वच्छ स्केट करणार असतील तर शॉर्टचा निकाल बहुतेक वेळा जीओई आणि कॉम्पोनंटवर लागतो.

ते स्वच्छ स्केट करतील का, हा पुढचा भाग, आणि शॉर्टमध्ये चुकीची शिक्षा फार कडक आहे. हवेत फेरे अर्धवट सोडल्यामुळे क्वाडची दुहेरी उडी झाली, म्हणजे उडी पॉप झाली, तर सुट्या उडीच्या रकान्यात थेट शून्य. दुहेरी उडी तिथे चालतच नाही. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये युझुरू हान्यूची चौपट सालकोव एकेरी झाली. बाकी कार्यक्रम उत्तम होऊनही तो ९५.१५ गुणांवर आठवा राहिला आणि फ्रीनंतर चौथ्या क्रमांकापर्यंतच पोचला. दुसरा धोका कॉम्बिनेशनचा. चौपट लुट्झ–ट्रिपल टो लूप अधिक तीन जीओईने बसली तर वाढ सोडून १९.१५ गुण मिळतात. लुट्झवर पडला आणि दुसरी उडी राहून गेली तर हातात ४.७५. एका चुकीत चौदा गुण जातात.

म्हणून उड्यांचा क्रम बघा. कॉम्बिनेशन पहिलं असेल आणि तिथे गडबड झाली, तर तयारीचा स्केटर ट्रिपल टो लूप पुढच्या सुट्या उडीला जोडून घेतो. कॉम्बिनेशन शेवटी ठेवलं तर दीडेक गुण जास्त मिळतात, पण सावरायला जागा राहत नाही. कोणी आधीच्या स्पर्धांमध्ये असं जोडून दाखवलं आहे का, हे गुणपत्रिकेत दिसतं: सुटी म्हणून आखलेल्या उडीपुढे अचानक टो लूप आलेली असते. ज्याला हे जमतं त्याचा शॉर्टचा तळ, म्हणजे वाईट दिवसाचा आकडा, मी चार गुणांनी वर धरतो.

फ्रीचं गणित निराळं आहे. तिथे पडूनही क्वाड परवडते, आणि ही गोष्ट नव्या प्रेक्षकाला पटकन पटत नाही. चौपट लुट्झ अधिक अडीच जीओईने उतरली तर साधारण १४.४ गुण. पूर्ण फेरे घेऊन पडला तर ११.५ मधून ५.७५ जातात, वर पडण्याचा एक, उरतात ४.७५. त्याऐवजी ट्रिपल लुट्झ सुरेख मारली तर ७.६७. हिशेब केला तर दहापैकी तीन वेळा लुट्झ उतरली तरी क्वाड मारणं तोट्यात जात नाही. पण ही सवलत फेरे पूर्ण करणाऱ्यालाच आहे. तोच स्केटर घाबरून उडी पॉप करत असेल तर दुहेरी लुट्झचे २.१ गुणच मिळतात, आणि मग दहापैकी साडेचार वेळा यश हवं. शॉर्टमध्ये पॉपची किंमत शून्य असल्यामुळे हेच प्रमाण निम्म्याच्या वर जातं.

म्हणून ‘किती वेळा चुकतो’ याच्याइतकंच ‘कसा चुकतो’ हे नोंदवा. माझ्या तक्त्यात प्रत्येक क्वाडसाठी पाच रकाने असतात: स्वच्छ, अडखळून उतरलेली, फेरे कमी पडलेली, पडलेला, पॉप. फेऱ्यांसाठी गुणपत्रिकेत तीन खुणा येतात. क्यू अक्षर म्हणजे पाव फेरा कमी. मूळ गुण शाबूत, पण जीओई घसरतो. एक कोनी कंस म्हणजे मूळ गुणांचे ८० टक्केच. दोन कोनी कंस म्हणजे क्वाडला ट्रिपलचे गुण. क्यू वारंवार दिसत असेल तर सावध व्हा. ज्या स्पर्धेत तांत्रिक पॅनल, म्हणजे उड्यांचे फेरे तपासणारे अधिकारी, कडक असतं तिथे त्यातल्या काही खुणांचे कोनी कंस होतात आणि जागेवर दोन-तीन गुण जातात. अशा स्केटरचे सौम्य पॅनलसमोरचे गुण फसवे असतात.

आता दोन काल्पनिक स्केटर घेऊ. पहिल्याने मोसमात चौपट लुट्झ आठ वेळा मारली: पाच स्वच्छ, दोनदा पडला, एकदा पॉप. सरासरी निघते १०.४. दुसऱ्याने चौपट टो लूप आठ वेळा मारली: सात वेळा अधिक तीनच्या आसपास, एकदा अडखळून. त्याची सरासरी ११.६. मूळ गुणांत लुट्झ दोन गुणांनी महाग, पण पहिल्याच्या हातात ती टो लूपपेक्षा स्वस्त पडते. कोणाकडे किती क्वाड आहेत हे मोजण्यापेक्षा प्रत्येक क्वाड त्याच्या स्वतःच्या पायांवर किती गुणांची आहे, ते काढा. सातही उड्यांची अशी बेरीज केली की उड्यांचा खरा अपेक्षित आकडा मिळतो. फिरकी आणि पावलांच्या मालिकेचे गुण आघाडीच्या लोकांत फारसे वरखाली होत नाहीत. तिथे सरासरी धरून पुढे जा.

किती स्पर्धा मागे जायचं? चालू मोसमातल्या चार-पाच पुरेत. नवी क्वाड दोनदाच मारलेली असेल तर तिच्या यशाचं प्रमाण काढू नका. निम्मं यश धरा आणि चूक झाल्यास पडणं धरा.

फ्रीमध्ये आणखी एक सापळा आहे, पुनरावृत्तीचा. ट्रिपल किंवा चौपट उड्यांपैकी दोनच प्रकार दोनदा मारता येतात, आणि त्या दोनांत क्वाड एकच. दोन्ही वेळा ती उडी सुटीच राहिली तर दुसऱ्या वेळी ७० टक्केच गुण. म्हणजे पहिल्या चौपट टो लूपवर कॉम्बिनेशन राहून गेलं आणि दुसरीही सुटी मारली, तर ९.५ चे ६.६५ होतात. एका चुकीचं बिल दोन ठिकाणी येतं. आखणीत दुसरी टो लूप उशिरा, दमलेल्या पायांवर असेल तर हा धोका खरा समजा. अनुभवी मंडळी कॉम्बिनेशनची आखणी जागेवर बदलतात. नवखे ठरलेलं तेच पार पाडत राहतात आणि चौथं कॉम्बिनेशन मारून तेही वाया घालवतात, कारण फ्रीमध्ये तीनच मोजतात.

कॉम्पोनंट गुणांबद्दल फार लिहायची गरज नाही. २०२२ पासून तीनच घटक आहेत: रचना, सादरीकरण आणि स्केटिंग कौशल्य. पुरुषांसाठी गुणक शॉर्टमध्ये १.६७, फ्रीमध्ये ३.३३. म्हणजे सरासरीतला अर्धा गुण फ्रीमध्ये पाच गुणांचा; मोठ्या क्वाडवर एकदा पडण्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. हे गुण हळू चढतात आणि हळू उतरतात. मागच्या तीन स्पर्धांतला मधला आकडा घ्या. स्केटर पडला की कितीही सुंदर कार्यक्रमाच्या वरच्या गुणांना नियमानेच मर्यादा येते, त्यामुळे पडण्याच्या शक्यतेसोबत इथलेही एक-दोन गुण कमी धरा.

एवढ्यावर प्रत्येकाचे तीन आकडे काढा: सगळं बसलं तर किती, नेहमीसारखं झालं तर किती, दोन मोठ्या चुका झाल्या तर किती. मी शॉर्टमध्ये तीन गुणांच्या आतल्यांना समान मानतो, फ्रीमध्ये दहा गुणांच्या आतल्यांना. हे काटेकोर गणित नाही, अनुभवाचा ठोकताळा आहे. पण त्यापेक्षा बारीक फरकावर पैज लावणं म्हणजे अंदाज नव्हे, हौस.

यात मोठी खोच अशी की चुका सुट्या सुट्या येत नाहीत. पहिली क्वाड पॉप झाली की दुसरीच्या आधी डोक्यात हिशेब सुरू होतो, आणि पुढच्या उड्यांचं यश नेहमीच्या प्रमाणापेक्षा खाली जातं. त्यामुळे प्रत्येक उडीची शक्यता स्वतंत्र धरून गुणाकार केला तर वाईट दिवस कागदावर दिसतो त्यापेक्षा बराच वाईट निघतो. २०२५ च्या बोस्टनच्या जागतिक स्पर्धेत युमा कागियामाचा शॉर्ट १०७.०९ चा होता; फ्रीमध्ये तो दहावा आला आणि शॉर्टच्या पुंजीवर कसंबसं ब्राँझ राहिलं. कागियामा कमालीचा सफाईदार स्केटर आहे, तरीही.

आणि याचं टोकाचं उदाहरण ताजंच आहे. डिसेंबर २०२५ मध्ये नागोयाच्या ग्रां प्री फायनलमध्ये मालिनिन शॉर्टनंतर ९४.०५ गुणांवर तिसरा होता. फ्रीमध्ये सात क्वाड मारून त्याने २३८.२४ मिळवले आणि जिंकला. दोन महिन्यांनी मिलानच्या ऑलिंपिकमध्ये तो शॉर्टनंतर पाच गुणांहून जास्त आघाडीवर होता. फ्रीमध्ये चौपट ॲक्सेल एकेरी झाली, पुढे तो दोनदा पडला, गुण १५६.३३ आणि एकूण आठवा. एकाच माणसाच्या दोन फ्रीमध्ये जवळपास ८२ गुणांचं अंतर. सुवर्ण मिळालं कझाकस्तानच्या मिखाईल शायदोरोवला, जो शॉर्टनंतर पाचवा होता. त्याचे एकूण गुण २९१.५८. हा आकडा नीट पाहा: आदल्या वर्षी बोस्टनमध्ये रौप्य जिंकताना त्याचे २८७.४७ होते, म्हणजे फरक फक्त चार गुणांचा. त्याने आपल्या आवाक्यातलंच केलं. वरचे त्या संध्याकाळी आपल्या आवाक्याच्या खूप खाली गेले.

यावरून ‘मालिनिनला निवडणं चूक होतं’ असा निष्कर्ष काढू नका. मिलानआधी कुठलाही प्रामाणिक हिशेब त्यालाच पहिलं ठेवत होता. चूक असेल ती त्याचा विजय निश्चित धरण्यात. सात क्वाडच्या आखणीत कमाल आकडा उंच असतो, पण तळ पाच क्वाडवाल्याच्या तळापेक्षा खोल जाऊ शकतो, कारण वाईट दिवशी पडायला सात जागा असतात. म्हणून जिंकणारा निवडताना कमाल आणि नेहमीचा आकडा बघा. पहिल्या तिघांत नक्की कोण असेल हे सांगताना तळ बघा. माझ्या यादीत हे दोघं पुष्कळदा वेगळे असतात.

परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे? स्पर्धा कोणती, हे आधी. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक स्पर्धेआधी सांघिक स्पर्धा होते, आणि तिथे उतरलेल्याच्या पायात एक-दोन कार्यक्रम जास्तीचे असतात. मार्चच्या जागतिक स्पर्धेत लांबलेल्या मोसमाचा शीण असतो. मोसमाच्या मध्यात बूट बदलले असतील तर टाचेच्या आधाराचा आणि पात्याच्या जागेचा अंदाज नव्याने बसवावा लागतो. ॲक्सेल आणि लुट्झ आधी बिघडतात. घोट्याची किंवा कंबरेची दुखापत असेल तर टो पिक (पात्याच्या पुढच्या टोकाचे दात) मारून घ्यायच्या उड्या, म्हणजे लुट्झ, फ्लिप, टो लूप, आधी आखणीतून जातात की सालकोव आणि लूप, ते पाय कोणता दुखतोय त्यावर ठरतं. आणि २०२२ पासून रशियन स्केटर बराच काळ आंतरराष्ट्रीय स्पर्धांबाहेर होते, त्यामुळे त्यांच्यापैकी परतणाऱ्याचे ताडून बघण्यासारखे आकडे थोडे असतात. अशा वेळी त्याला एकच क्रमांक देऊ नका, अमुक ते अमुक असा पट्टा द्या.

सरावाच्या बातम्यांना किती महत्त्व द्यायचं, हेही लोक विचारतात. सुट्या उड्या किती बसल्या याला फारसं नाही. सरावात सगळेच क्वाड मारतात. स्वतःचं संगीत सुरू असताना पूर्ण कार्यक्रम सलग केला का, आणि शेवटच्या तीन उड्या त्यात मारल्या की हवेत सोडून दिल्या, हे विचारा. लागोपाठ दोन दिवस कोणी शेवट सोडत असेल तर त्याच्या फ्रीच्या आकड्यातून मी पाच-सात गुण काढतो. स्पर्धेआधी जी आखणी प्रसिद्ध होते तीही सावधपणे घ्या. कित्येक जण तिथे महत्त्वाकांक्षी यादी देतात आणि बर्फावर लुट्झऐवजी टो लूप मारतात. आधीच्या स्पर्धांत आखणी आणि प्रत्यक्ष यांचा मेळ किती होता, ते तुमच्या तक्त्यात आहेच.

शॉर्ट संपला की जुना अंदाज जपत बसू नका, लगेच नवा मांडा. प्रत्येकाच्या शॉर्टच्या प्रत्यक्ष गुणांत त्याचा फ्रीचा नेहमीचा आकडा मिळवा. मागे असलेल्याचा फ्रीचा नेहमीचा आकडा आघाडीवरच्यापेक्षा पंधराने जास्त असेल तर आठ-दहाची पिछाडीसुद्धा त्याला जड नाही. उलट फ्रीमध्ये दोघं सारखे असतील तर शॉर्टमधले पाच गुण म्हणजे एका अडखळलेल्या क्वाडइतकी उसंत. पंचवीस गुण मागे असलेल्याला जिंकणाऱ्यांतून वगळा, पण पदकातून वगळण्याआधी त्याची फ्रीची आखणी पाहा. नेथन चेन २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये शॉर्टनंतर सतरावा होता आणि फ्रीमध्ये २१५.०८ मिळवून पाचवा आला. सियाओ हिम फा एकोणिसाव्यावरून पदकापर्यंत पोचला. दोघांच्याही शॉर्टमध्ये उड्या फसल्या होत्या, क्षमता तशीच होती. शॉर्ट स्वच्छ होऊनही जो दहावा आहे, त्याच्याकडून अशी झेप सहसा होत नाही.